पावसाच्या खंडाचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ

पुण्याच्या शिवाजीनगर भागातील एका चौकाला आजही ‘सिमला ऑफिस’ असे म्हणतात. हिमालयातील थंड हवेच्या ठिकाणाचे नाव या चौकाला का मिळाले, याचे उत्तर तेथील वेधशाळेच्या दगडी इमारतीत दडले आहे. १९२८ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले आणि पुणेकरांनी नव्या कचेरीला जुन्या गावाचे नाव देऊन टाकले. त्या काळी या खात्याची सूत्रे हाती घेऊन पुढे १९४४ पर्यंत ती सांभाळणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर चार्ल्स विल्यम ब्लाइथ नॉर्मंड. जगभरच्या हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव पाठ्यपुस्तकातून परिचित आहे. मात्र ज्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात राहून त्यांनी कारभार केला, त्या प्रदेशाला त्यांच्या संशोधनाचा अर्थ किती जवळचा आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही.

हा अर्थ समजून घ्यायचा, तर पुण्याशेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे पाहावे. या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड आणि घाटघरचा परिसर आहे. तेथे पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे हवाई अंतराने सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या नगर शहरात वर्षाची सरासरी ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर असते. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांतील जिरायती शेतकऱ्याला एकूण पाऊस किती झाला यापेक्षा तो केव्हा पडला आणि मध्ये किती दिवस थांबला, याची चिंता अधिक असते. जुलैत उगवून आलेली बाजरी तीन आठवड्यांची उघडीप सोसू शकत नाही. डोक्यावरून काळे ढग पळत असतात, वारा सुटलेला असतो, हवा दमट असते, तरीही थेंब पडत नाही. ढग असून पाऊस का नाही, हा त्याचा प्रश्न आहे. नॉर्मंड यांचे आयुष्यभराचे काम नेमके या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे होते.

नॉर्मंड यांचा जन्म १८८९ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. तेथील विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षण आणि काही काळ संशोधन करून १९१३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानच्या हवामान खात्यात दाखल झाले. हे खाते दुष्काळाच्या अनुभवातून वाढले होते. १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या नेतृत्वाखाली त्याची स्थापना झाली आणि लगेचच १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनला भीषण दुष्काळाने ग्रासले. नगर जिल्हा त्यात होरपळून निघाला. पावसाचा अंदाज आधी कळला, तर धान्याची व्यवस्था करता येईल, या अपेक्षेने सरकारने खात्याकडे मोसमी पावसाच्या अंदाजाची मागणी केली. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा आणि पावसाचा संबंध शोधला. त्यांच्यानंतर जॉन इलियट आणि पुढे १९०४ पासून सर गिल्बर्ट वॉकर यांनी हाच शोध जगभर नेला. वॉकर हे गणितज्ञ होते. दूरदूरच्या ठिकाणांचे हवेचे दाब, तापमान आणि पाऊस यांची आकडेवारी जुळवून त्यांनी प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यातील दाबाचा झोका ओळखला. ‘सदर्न ऑसिलेशन’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला.

अशा गुरूच्या हाताखाली नॉर्मंड तयार झाले, तरी त्यांची प्रकृती वेगळी होती. वॉकर यांची दृष्टी आकड्यांच्या परस्परसंबंधांवर होती. नॉर्मंड यांना मात्र हवेत प्रत्यक्ष काय घडते, वाफेचे पाणी होताना उष्णता कोठून कोठे जाते, याचे कुतूहल होते. या कुतूहलाला दिशा मिळाली ती युद्धभूमीवर. पहिल्या महायुद्धात त्यांना मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठविण्यात आले. हिंदी आणि ब्रिटिश सैनिक तेथे शत्रूबरोबरच उन्हाशीही झुंजत होते. १९१७ च्या उन्हाळ्यात तेथे उष्माघाताने अनेक सैनिक दगावले. वाळवंटातील कोरडे ऊन एक वेळ सोसवते, पण बसऱ्याच्या बाजूची दमट हवा तापमापकावर कमी अंश दाखवूनही अधिक घातक ठरते, हे तेथील अनुभवातून दिसत होते. हवेची उष्णता आणि तिच्यातील ओलावा यांचा एकत्रित परिणाम मोजल्याशिवाय या अनुभवाचा उलगडा होणार नव्हता. उष्णता, दमटपणा आणि वारा यांचा मानवी शरीरावर काय परिणाम होतो, यावरील नॉर्मंड यांचा शोधनिबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला.

हा एकत्रित परिणाम मोजण्याचे साधन अगदी साधे होते. तापमापकाच्या पाऱ्याच्या फुग्याभोवती मलमलीचे ओले फडके गुंडाळले की त्यातील पाणी वाफ होऊन उडू लागते आणि पारा खाली उतरतो. माठातील पाणी गार होते, तीच ही क्रिया. हवा कोरडी असेल तर पारा खूप उतरतो, दमट असेल तर थोडाच उतरतो. प्रत्येक वेधशाळेत साध्या तापमापकाशेजारी हा ओला तापमापक टांगलेला असे आणि त्याचा उपयोग हवेतील आर्द्रता काढण्यापुरताच केला जाई. १९२१ मध्ये हवामान खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात नॉर्मंड यांनी या दुय्यम आकड्याला केंद्रस्थानी आणले. ओल्या तापमापकाचा आकडा हा हवेतील उघड उष्णता आणि वाफेत साठलेली अप्रकट उष्णता यांच्या बेरजेचा निर्देशक आहे, हे त्यांनी ऊष्मागतिकीच्या आधारे दाखवून दिले.

या विधानाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एप्रिलमधील नगरची दुपार घ्यावी. तापमान ४० अंश सेल्सिअस आणि हवा अगदी कोरडी असेल, तर ओला तापमापक जेमतेम २० अंशांच्या आसपास असतो. जुलैमधील ढगाळ दुपारी तापमान २८ अंशांवर आले, तरी हवा दमट असल्यामुळे ओला तापमापक २४ अंश दाखवू शकतो. अंगाला जी दुपार अधिक तापलेली वाटते, तिच्यातील हवेपाशी एकूण ऊर्जा कमी असते आणि जी सुसह्य वाटते, तिच्यापाशी अधिक. कारण एक किलो हवेतील केवळ एक ग्रॅम वाफेचे पाणी झाले, तर त्यातून मुक्त होणारी उष्णता त्या हवेला सुमारे अडीच अंशांनी तापविते. पावसाचे ढग उंच चढतात ते या उष्णतेच्या बळावर. वळवाची सर येऊन गेल्यावर तापमान झपाट्याने उतरते, पण ओला तापमापक फारसा हलत नाही. उष्णतेचे वाफेत केवळ रूपांतर झालेले असते, बेरीज तीच राहते. हवा वर गेली, खाली आली, तिच्यातून पाऊस पडला किंवा पाऊस तिच्यात विरला, तरी जवळजवळ कायम राहणारी अशी एक राशी नॉर्मंड यांनी हवामानशास्त्राला दिली. हवेचा झोत कोठून आला हे त्या राशीवरून ओळखता येऊ लागले. जमिनीवरील हवा वर ढकलली गेल्यास ढगाचा तळ किती उंचीवर तयार होईल, हे आलेखावर काढण्याची त्यांची रीत आजही ‘नॉर्मंडचा सिद्धांत’ म्हणून शिकविली जाते.

वॉकर १९२४ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर काही वर्षे जे. एच. फील्ड यांनी कारभार पाहिला आणि त्यांच्या मागोमाग खात्याची धुरा नॉर्मंड यांच्याकडे आली. मुख्यालयाचे पुण्यास स्थलांतर याच सुमारास झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर तेव्हा सर लेस्ली विल्सन होते. प्रवरेवरील भंडारदऱ्याच्या धरणाला त्यांचेच नाव आहे. १९१० मध्ये सुरू झालेले हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले होते. घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाचे पाणी अडवून ते कालव्यांनी नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागाकडे नेण्याची ही योजना. तिच्यामुळे प्रवरेच्या काठी ऊस उभा राहिला आणि पुढे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. घाटातील पावसाची अशी तजवीज अभियंत्यांनी केली. परंतु कालवा जेथे पोहोचत नव्हता, तेथील शेतकऱ्याचा प्रश्न हवेतच सुटायचा होता.

पर्जन्यछायेतील हवेचे वर्तन नॉर्मंड यांच्या बेरजेतून नीट कळते. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढताना निवतात आणि आपली बरीचशी वाफ घाटमाथ्यावर रिती करतात. पूर्वेच्या उतारावर तेच वारे खाली येताना पुन्हा तापतात व कोरडे होतात. खालच्या थरात ओलावा उरतो, त्याचे ढगही बनतात. परंतु वरच्या थरात कोरडी हवा पसरलेली असेल, तर वर चढू पाहणाऱ्या ढगात ती मिसळते, ढगातील पाणी विरते आणि त्याचा जोर मोडतो. वाऱ्याबरोबर पळणारे, पण न बरसणारे ढग ते हेच. कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की दख्खनवर अशी उघडीप पडते. तो पट्टा दक्षिणेकडे आला, बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे मध्य भारतातून पश्चिमेकडे सरकली, म्हणजे ओलावा जाड थरात वरपर्यंत भरतो आणि नगरच्या माळावरही संततधार लागते.

हवेचे हे वरचे थर मोजल्याशिवाय असे काही सांगता येणे शक्य नव्हते. आग्रा येथील उच्चस्तरीय वेधशाळेतून आणि पुढे पुण्यातूनही उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडले जात. फुगा फुटल्यावर दूर कोठे तरी शेतात पडलेले उपकरण सापडेल त्याने परत पाठवावे, म्हणून बक्षीस ठेवलेले असे. या नोंदींचा आधार घेऊन नॉर्मंड यांनी १९३८ मध्ये वाफेमुळे निर्माण होणाऱ्या अस्थैर्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला. वरवर स्थिर दिसणाऱ्या हवेतही मोठी ऊर्जा दडून राहू शकते. काही कारणाने खालची हवा एका ठरावीक उंचीच्या वर ढकलली गेली, तर ती स्वतःच्या बळाने वर चढू लागते व गडगडाटी ढग तयार होतो. हा धक्का मिळाला नाही, तर ती ऊर्जा तशीच पडून राहते. या अप्रकट अस्थैर्याचे वर्गीकरण नॉर्मंड यांनी मांडले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत दुपारनंतर विजांसह येणारा पाऊस हे या क्रियेचे परिचित रूप होय. नगर जिल्ह्यातील रब्बी ज्वारीची पेरणी याच पावसावर अवलंबून असते.

नॉर्मंड यांच्या काळात पुण्याची वेधशाळा भारतीय संशोधकांनी गजबजली. सी. व्ही. रामन यांच्या तालमीत तयार झालेले के. आर. रामनाथन आणि एल. ए. रामदास हे दोघेही खात्यात आलेले होते. रामनाथन यांनी विषुववृत्ताजवळील उंच वातावरणाच्या रचनेवर मूलभूत काम केले. रामदास यांच्याकडे १९३२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कृषी हवामानशास्त्र शाखेची जबाबदारी आली. मातीच्या लगत आणि पिकाच्या उंचीवर उष्णता व ओलावा कसा बदलतो, हे त्यांनी शेतात उपकरणे रोवून मोजले. हवेतील ऊर्जेचा हिशेब अशा रीतीने पिकाच्या मुळापर्यंत पोहोचला. व्ही. व्ही. सोहोनी हे पुढे स्वतंत्र भारतात या खात्याचे महासंचालक झाले. १९४४ मध्ये नॉर्मंड निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी डॉ. एस. के. बॅनर्जी हे पहिले भारतीय महासंचालक आले. त्याच वर्षी मुख्यालय पुण्याहून दिल्लीस गेले.

नॉर्मंड यांच्या कारकिर्दीतील सर्वांत कसोटीचा भाग मात्र वेगळाच होता. वॉकर यांनी घालून दिलेल्या समीकरणांच्या आधारे दरवर्षी संपूर्ण हंगामाच्या पावसाचा अंदाज देण्याचे काम खात्याकडे होते. ही समीकरणे ज्या वर्षांच्या आकड्यांवरून बेतली होती, त्या वर्षांना ती छान लागू पडत. नव्या वर्षांत मात्र अनेक संबंध दुबळे झालेले आढळत. खात्याच्या प्रमुखाने हे झाकून नेले असते, तर त्यात कोणाला नवल वाटले नसते. नॉर्मंड यांनी ते तपासले आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्पष्टपणे मांडले. भारतीय मोसमी पावसाचा आधीच्या जागतिक घडामोडींशी जेवढा संबंध दिसतो, त्याहून अधिक संबंध नंतरच्या घडामोडींशी दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ असा, की मोसमी पाऊस हा केवळ इतरांच्या तालावर नाचणारा नसून जगाच्या हवामानाला स्वतः वळण देणारा आहे. अंदाज वर्तविणाऱ्याच्या दृष्टीने ही कबुली निराशाजनक होती. शास्त्राच्या दृष्टीने तिने नवे दार उघडले.

निवृत्तीनंतर नॉर्मंड ऑक्सफर्डला स्थायिक झाले. तेथे गॉर्डन डॉबसन यांच्यासमवेत त्यांनी ओझोनच्या मापनाचे काम केले आणि आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाचे चिटणीसपद अनेक वर्षे सांभाळले. १९८२ मध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या विषयाने मोठी झेप घेतली होती. १९७१ मध्ये अमेरिकेतील रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी विषुववृत्तीय प्रदेशात पूर्वेकडे सरकणारी, दीड-दोन महिन्यांत एक फेरा पूर्ण करणारी वातावरणीय हालचाल शोधून काढली. १९८० मध्ये डी. आर. सिक्का आणि पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांच्या छायाचित्रांवरून दाखविले, की पावसाळ्यात हिंदी महासागरावरील ढगांचे पट्टे काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे भारतभूमीवर सरकतात. पावसाचा जोर आणि उघडीप यांच्या आलटून पालटून येण्याला अशी लय आहे, हे यातून स्पष्ट झाले.

ही लय चालते कशी, याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ पुन्हा नॉर्मंड यांच्या बेरजेपाशी आले. उघड उष्णता, उंचीमुळे मिळालेली ऊर्जा आणि वाफेतील अप्रकट उष्णता यांची बेरीज आज ‘मॉइस्ट स्टॅटिक एनर्जी’ या नावाने ओळखली जाते. ओल्या तापमापकाच्या आकड्याशी तिचे नाते अगदी निकटचे आहे. पाऊस येण्यापूर्वी खालच्या थरात ओलावा हळूहळू साठतो, नंतर तो वर चढतो, पाऊस पडतो आणि पाठोपाठ वरच्या थरात कोरडी हवा शिरून ढगांना लगाम बसतो. ओलावा पुन्हा भरून येण्यास दिवस, आठवडे लागतात. उष्ण कटिबंधात उष्णतेतील फरक लवकर पुसला जातो, ओलाव्यातील फरक मात्र टिकून राहतो, म्हणून या लयीची आठवण हवा जणू आपल्या वाफेत जपते, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. या आकलनावर आणि संगणकीय प्रारूपांवर पुढील चार आठवड्यांचे अंदाज उभे आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीच्या आधारे हवामान विभाग ते दर आठवड्याला देतो.

या अंदाजांची गरज २०२३ च्या पावसाळ्याने दाखवून दिली. त्या वर्षी देशातील हंगामाचा एकूण पाऊस सरासरीच्या ९४ टक्के, म्हणजे फार वाईट नव्हता. पण ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ठरला. देशभरात त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला. नगरसह मध्य महाराष्ट्रातील जिरायती पिके उभ्या उभ्या वाळली आणि सलग २१ दिवसांहून अधिक खंड हा पीकविम्याच्या भरपाईचा निकष म्हणून गावोगाव चर्चेत आला. वर्षाची बेरीज शेतकऱ्याला वाचवू शकली नाही. खंडाची चाहूल आधी लागली, तर पेरणी चार दिवस पुढे ढकलता येते, विहिरीतील पाणी राखून ठेवता येते, कोळपणी करून ओल धरता येते. दुबार पेरणीचे बियाणे आणि कर्ज यांतून काही कुटुंबे तरी वाचतात.

हंगामाचा एक आकडा सांगण्याची जबाबदारी नॉर्मंड यांच्यावर होती आणि त्या आकड्याच्या मर्यादा त्यांनी लपविल्या नाहीत. त्यांच्या संशोधनाचे फळ मात्र हंगामाच्या आतील चढउतार समजून घेण्याच्या कामी आले. नगरच्या माळरानावर आज ज्या अंदाजाची वाट पाहिली जाते, त्याच्या मुळाशी ओल्या फडक्याच्या तापमापकातून त्यांनी वाचलेला हिशेब आहे.